नऊ तारखेची तिसरी पाळी

त्या अडीच ओळी करड्या होत्या.

वहीच्या त्याच पानावर, वरच्या अर्ध्या भागात, जांभळ्या अक्षरांतला एक प्रश्न होता. त्या अक्षरांच्या कडा किंचित फुटल्या होत्या. खालच्या अडीच ओळींच्या कडा मात्र स्वच्छ होत्या. दोन्ही प्रश्नांखाली एकच बिल्ला नंबर लिहिलेला होता: १४२.

यशोदाबाई आठल्यांनी भिंग टेबलावर ठेवले आणि वहीला सुतळीने बांधलेली पेन्सिल उचलून पाहिली.

"रंग दोन आहेत," त्या म्हणाल्या, "आणि पेन्सिल एक."

"मधे बदलली असेल," मारुतराव म्हणाले. ते निवृत्त हवालदार होते. पुण्याच्या एका कॉलेजात वीस वर्षे रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेतल्यावर यशोदाबाई चिंचवडला येऊन खासगी चौकशीची कामे घेऊ लागल्या, तेव्हापासून मारुतराव त्यांच्याबरोबर असत. ते सगळे लिहून घेत आणि बहुधा सगळ्यांवर विश्वास ठेवत.

"बदलली, पण जात तीच," कुसुमताई म्हणाल्या. "कॉपिंग पेन्सिल. खोडता येत नाही म्हणून मीच स्टोअरमधून मागून घेतली. वहीत पहिल्यापासून हे असे दोन रंग आहेत. मी कधी लक्ष दिलं नाही. मला प्रश्न वाचूनच वीट येतो."

कुसुमताई चिंचवड स्टेशनजवळच्या या काच कारखान्यात फ्रेंच शिकवत. इंजेक्शनच्या बाटल्या बनवणारे नवे मशीन फ्रान्सहून यायचे होते. ते चालवायला शिकण्यासाठी कारखान्यातल्या एका माणसाला सहा महिने तिकडे पाठवायचे होते. डिसेंबरात वर्ग सुरू झाला तेव्हा अकरा जण होते. आता, १९५८ च्या मार्चमध्ये, तिघे उरले होते.

तिन्ही पाळ्यांच्या लोकांना शंका विचारता याव्यात म्हणून ही प्रश्नवही फाटकाजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. डाव्या पानावर तारीख, पाळी, प्रश्न आणि बिल्ला नंबर लिहायचा. उजव्या पानावर कुसुमताई लाल शाईने उत्तर देत.

"आता तो प्रश्न वाचा," यशोदाबाई म्हणाल्या.

मारुतरावांनी चष्मा सावरला. "नऊ मार्च, तिसरी पाळी. प्लों म्हणजे शिसे. या शब्दाच्या शेवटी ब लिहितात, पण बोलत नाहीत, ते का? बिल्ला एकशे बेचाळीस." त्यांनी मान वर केली. "यात गुन्हा काय आहे?"

"तो शब्द मी वर्गात कधीच शिकवलेला नाही," कुसुमताई म्हणाल्या. "आमच्या पुस्तकातही नाही. परीक्षेच्या श्रुतलेखनात मी तो मुद्दाम घातला. परीक्षा सोमवारी, दहा तारखेला सकाळी आठला झाली. आणि हा प्रश्न नऊ तारखेचा."

"उतारा कधी लिहिलात?"

"शनिवारी संध्याकाळी सहाला. याच केबिनमध्ये, साहेबांसमोर. पाकीट बंद करून त्यांच्या कपाटात ठेवलं. किल्ली त्यांच्याकडे. माझ्याजवळ नक्कल नव्हती."

टेबलापलीकडे बसलेले मॅनेजर उद्धवराव खोकले. "माझं कपाट कुणी उघडलेलं नाही. आणि मला तर फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. म्हणजे राहता राहिलं..."

"मी राहते," कुसुमताई म्हणाल्या. "बोला ना. ज्योतीरामला मी शब्द सांगितला, असंच ना? दोन दिवस सगळे हेच बोलतायत. आज साहेबांनी मला सांगितलं, वर्ग बंद, तुम्हीही उद्यापासून येऊ नका. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, बाई. ज्योतीरामलाही काढणार."

"काढणार असं म्हणालो नाही. बघू म्हणालो."

"तीन महिने तुम्ही बघताय."

एकशे बेचाळीस नंबरचा बिल्ला ज्योतीराम फडतऱ्याचा होता. तो खटावकडून आलेला, बाटली विभागातला कारागीर. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि श्रुतलेखनात कधी पन्नासपैकी पंचवीसच्या वर गेला नव्हता. सोमवारी त्याला सेहेचाळीस मिळाले. ड्रॉइंग ऑफिसातल्या रंगरावांना एकेचाळीस, फोरमन हिंदुरावांना तेहतीस. निकाल त्याच दिवशी दुपारी बारा वाजता फाटकावर लागला. दोन वाजता हिंदुराव वही घेऊन केबिनमध्ये आले.

"फ्रान्सच्या कंपनीला नाव आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे," उद्धवराव म्हणाले. "पोस्ट पाचला तार घेणं बंद करतं. नाव गेलं नाही तर जागा कलकत्त्याच्या कारखान्याला जाईल. मी तर म्हणतो, जाऊ दे. कटकट मिटेल."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

"या महिन्याचं हजेरीपत्रक द्या," यशोदाबाई म्हणाल्या.

ते आले. एकशे बेचाळीसच्या ओळीत तीनपासून आठपर्यंतच्या रकान्यांत तिसऱ्या पाळीची खूण होती. नऊच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ होती. दहापासून पहिली पाळी.

"तो त्या वेळी आत होता, हे मी आधीच तपासलंय," उद्धवराव म्हणाले. "रविवारी पहाटे तो कारखान्यातच होता. सातला सुटला. चहाच्या सुट्टीत लिहिलं असणार."

यशोदाबाईंनी हजेरीपत्रक मिटले. "मला तिघांना भेटायचं आहे. एकेकाला, जिथे ते काम करतात तिथे."

*

बाटली विभागाच्या दारातच मारुतरावांनी कानांवर हात ठेवले. हवेचे चार मोठे पंखे आणि गॅसच्या ज्योती मिळून असा आवाज होता, की यशोदाबाई काय म्हणाल्या ते त्यांना दोनदा विचारावे लागले. तरीही ऐकू आले नाही.

दाराबाहेर पाण्याचे पिंप होते. त्यावर पाटी होती: 'प्रश्नवही धरण्यापूर्वी हात धुवावेत.' पाटीचे अक्षर छापल्यासारखे होते.

"ही माझी पाटी," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणजे हुकूम माझा, अक्षर रंगरावांचं. ते कुठल्याही वळणाचं अक्षर काढतात. पहिल्या आठवड्यात वहीवर तेलाचे इतके डाग पडले की मी ओरडले. तेव्हापासून हे लोक हात धुतात आणि ओल्या हातांनीच वही धरतात. पुसायला फडकं मागितलंय, ते साहेब बघतायत."

फोरमन हिंदुराव बाहेर आले. वाकडचे जुने शेतकरी घराणे, पंचेचाळिशीचे भरदार गृहस्थ, डोक्याला पटका.

"वही तुम्हीच साहेबांकडे नेलीत?" यशोदाबाईंनी विचारले.

"व्हय, म्याच. चोरून न्हाई नेली. दोन वाजता उत्तरं बघाया गेलो, तर त्यो शब्द दिसला. सकाळी परीक्षेत त्याच शब्दानं माझा घाम काढला व्हता. म्हनलं, ह्याला आधीच कसा ठावा?"

"तारीख पाहिलीत?"

"न्हाई बा. त्याच्या म्होरं अजून ताईचं लाल उत्तर न्हाई, मंजे परीक्षेच्या आदी लिवलेला. तारीख साहेबांनी वाचली."

"परीक्षेनंतर लिहिलेला असता तरी उत्तर नसतंच," यशोदाबाई म्हणाल्या.

हिंदुराव थबकले. "ते बी खरं. पर तारीख हाय न्हवं?"

"वही खिळ्यालाच होती?"

"रंगरावानं नुकतीच आणून अडकवली व्हती. दुपारच्याला ते जेवताना घिऊन जात्यात, उत्तरं उतरवाया. रोजचंच हाय त्यांचं."

"गेल्या आठवड्यात तुमची पाळी कोणती?"

"तिसरी. मी आन ज्योतीराम एकाच तुकडीत. शनवारची तिसरी करून सुटलो, रविवारी सकाळी सातला."

मारुतराव लिहिता लिहिता थांबले. "शनिवारची, की रविवारची?"

"शनवारची वो!"

"पण रविवारी सकाळी सुटलात."

"शनवारची पाळी रविवारीच सुटत्या, हवालदार. मंग काय शनवारी सुटंल?"

मारुतरावांनी दोन्ही वार लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

"तुमचं ज्योतीरामशी वाकडं आहे म्हणतात," यशोदाबाई म्हणाल्या.

"हाय थोडं. चार वरसामागं आलेलं पोरगं माझ्या म्होरं जायाला बघतंय, राग न्हाई यायचा? पर खोटं कशापायी करू? मला जानेवारीतच साहेब बोललेत, हिंदुराव, तुमचंच हाय समजा."

कुसुमताईंनी चमकून पाहिले.

"एक सांगा. फ्रेंचमधली कोणती शंका अजून फिटली नाही?"

हिंदुरावांचा चेहरा फुलला. "बाई, बाप्याची! तिकडं समद्या वस्तू एकतर बाई, न्हाईतर बाप्या. भट्टी म्हनं तिकडं बाप्या हाय. अवो, अठरा वरसं तिच्या म्होरं घाम गाळतोय, ठरवायच्या आदी आमाला इचारायचं तरी. आन नपुसकलिंगी कुठं गेलं? ताईला इचारलं तर ताई म्हनती, पाठ करा."

"पाठच करायचं असतं," कुसुमताई थकून म्हणाल्या. "त्याला कारण नाही. चारशे वेळा सांगितलंय."

"आता ज्योतीरामला बोलवा."

ज्योतीराम पंचवीस पावलांवर मशीनपाशी होता. हिंदुराव आत गेले, हात वर करून त्याची नजर घेतली आणि तिथूनच काहीतरी बोलले. ओठ हलले, आवाज आला नाही. ज्योतीरामने मान हलवली, ज्योत कमी केली, शेजाऱ्याकडे वळून तसाच आवाजावाचून काही बोलला आणि बाहेर आला.

"काय म्हणाले ते तुला?" यशोदाबाईंनी विचारले.

"पुण्याच्या बाई आल्यात, गॅस बारीक करून ये, टोपी घाल." त्याने टोपी सावरली. तो शिडशिडीत होता; डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळे होती. पिंपात हात बुडवून तो धुऊ लागला. "वही दाखवणार असाल ना?"

यशोदाबाईंनी वही उघडून धरली. तो त्या अडीच ओळींवर वाकला.

"अक्षर माझं आहे, बाई. मी लिहिलेलं नाही."

"म्हणजे काय?" मारुतराव म्हणाले.

"ते मला तरी कुठं कळतंय? दोन रात्री हाच विचार करतोय. 'र' मी असाच काढतो. पण मी लिहिलं नाही. ताईंनी मला काही सांगितलं नाही. माझ्यामुळं त्यांची नोकरी गेली तर मी गावाकडं काय तोंड दाखवू?"

"मग सेहेचाळीस कसे पडले?"

"त्या दिवशी सोपं गेलं."

"का?"

"नाही सांगता येत. नेहमी मागं बसतो, घामेजल्या कपड्यांचा वास येतो म्हणून. सोमवारी ताईंनी बिल्ल्याच्या नंबरानं बसवलं. माझा नंबर पुढं आला, ताईंच्या अगदी समोर." तो अडखळला. "पण पुढं बसून शब्द कळतात, असं म्हटलं तर साहेब हसतील."

"साहेबांचं राहू दे. तुझी कोणती शंका उरली आहे?"

"'तू' आणि 'त्यू' यातलं मधलं जे आहे, ते. ओठ ऊ-चे ठेवायचे आणि जीभ ई-ची. बोलायला जमत नाही. ओळखता येतं."

"आणि शेवटची अक्षरं का बोलत नाहीत, हे?"

"ते ताईंनी डिसेंबरात सांगितलं की. पूर्वी बोलायचे, पुढं बोलणं बदललं, लिहिणं तसंच राहिलं. आपण नाही का, गावातली वाट बदलली तरी जुन्या दगडाला वेस म्हणतो. त्यात परत काय विचारायचं?"

*

ड्रॉइंग ऑफिस थंड आणि शांत होते. उंच खिडक्या, तिरके फळे, फळ्यांवर पांढरे कागद. रंगराव उठून उभे राहिले. तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, बोटे स्वच्छ. त्यांनी यशोदाबाईंना खुर्ची पुसून दिली.

"वाईट झालं," ते म्हणाले. "ज्योतीराम मनाने चांगला आहे. मी स्वतः त्याला दोनदा शिकवलंय. कुसुमताईंनीही दयेपोटीच केलं असेल."

"मी काहीही केलेलं नाही," कुसुमताई म्हणाल्या.

"तसं नाही हो, ताई. मी आपलं..."

"तुमची ड्यूटी?" यशोदाबाईंनी विचारले.

"जनरल. नऊ ते साडेपाच. सुरुवातीपासून जनरलच. सोमवारी अर्थात परीक्षेसाठी आठला आलो."

"सोमवारी दुपारी वही तुमच्याकडे होती."

"रोजच असते. एक ते दोन. सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं मी उतरवून घेतो." त्यांनी खणातून एक जाड वही काढून दाखवली. अक्षर देखणे होते.

"मग तो प्रश्न तुमच्या लक्षात कसा आला नाही?"

"शेवटचं पान मी पाहिलंच नाही. ज्याला उत्तर नाही ते उतरवणार काय? आणि खरं सांगू, दिसलं असतं तरी मी बोललो नसतो. रविवारी पहाटे बिचारा पेंगत पेंगत लिहून बसला असेल. तारीख घालायची अक्कल नसती तर वाचला असता."

"तुमची कोणती शंका राहिली आहे?"

रंगराव हसले. "कुसुमताई रागावतील. पण मला अजून पटत नाही. बोलायचं नसेल तर अक्षर लिहायचं कशाला? मी नकाशात एक जास्तीची रेघ काढली तर फिटर माझ्या डोक्यावर बसेल."

"हे तुम्ही मला तीनदा विचारलंत," कुसुमताई म्हणाल्या.

"तुम्ही तीनदा उत्तर दिलंत. पटलं नाही, त्याला मी काय करू?"

यशोदाबाईंनी फळ्यावरची एक पेन्सिल उचलली, टोक पाहिले आणि परत ठेवली. "साहेब तुमच्याशी फ्रान्सबद्दल काही बोलले होते का?"

"जानेवारीत. म्हणाले, रंगराव, तयारीला लागा." त्यांनी जाड वही खणात परत ठेवली. "मी घरी सांगून टाकलं. सासुरवाडीला सांगितलं. आता भेटेल तो विचारतो, कधी निघणार?"

बाहेर आल्यावर मारुतराव म्हणाले, "सज्जन माणूस. मला विचाराल तर हिंदुराव. राग आहे, वही त्यांनीच नेली, रात्री ते तिथेच होते."

"तुम्ही त्यांच्या बोलण्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंत ना, मारुतराव?"

"काढलं. शनिवार की रविवार, ते कळलं नाही."

"ज्याला ते कळत नाही, असा माणूस आपल्याला हवा आहे."

मारुतरावांना हेही कळले नाही, पण त्यांनी लिहून घेतले.

*

चार वाजून पाच मिनिटांनी सगळे उद्धवरावांच्या केबिनमध्ये जमले. कुसुमताई खिडकीपाशी उभ्या होत्या. ज्योतीराम दाराला चिकटून उभा होता. पहिली पाळी तीनला सुटली होती, पण तो घरी गेला नव्हता.

"लांबण नको," उद्धवराव म्हणाले. "कुणी केलं ते कळलं का?"

"कळलं. पण क्रमाने सांगते. ज्योतीराम, पाच तारखेच्या तिसऱ्या पाळीला तू वहीत प्रश्न विचारलास. पहाटेच्या चहाला?"

"हो बाई. तीन वाजले असतील."

"पहाटेचे तीन म्हणजे कॅलेंडरवर सहा तारीख. तू पाच का घातलीस?"

ज्योतीराम गोंधळला. "पाळी पाचचीच होती ना? पाचच्या रात्री अकराला लागली. हजेरीच्या कार्डावरचं पंचिंगही पाचचंच."

"हिंदुराव?"

"आमी समदे तसंच लिवतो. पाळी ज्या दिशी लागती, त्या दिसाची तारीख."

"वहीत रात्रपाळीच्या लोकांचे एकतीस प्रश्न आहेत," यशोदाबाई म्हणाल्या. "ज्यांची हजेरी पत्रकाशी जुळवून पाहता आली, ते सगळे असेच आहेत. हजेरीपत्रकही तसंच चालतं. आता साहेब, नऊ मार्च, तिसरी पाळी, ही पाळी केव्हा लागली?"

उद्धवरावांनी हजेरीपत्रक पुढे ओढले.

"रविवारी रात्री अकराला लागली असती," त्या म्हणाल्या. "पण रविवारी बाटली विभाग बंद असतो. नऊच्या रकान्यावर लाल रेघ आहे. ती पाळी झालीच नाही. ज्योतीराम आत होता तो आठ तारखेच्या तिसऱ्या पाळीत. त्या पहाटे त्याने काही लिहिलं असतं, तर आठ तारीख घातली असती."

हिंदुरावांनी कपाळावर हात मारला. "आयला! तारीख बघितली असती, तर तितंच कळलं असतं!"

"चुकून घातली असेल," उद्धवराव म्हणाले. "पेंगत होता."

"असेल. म्हणून एवढ्यावर मी थांबले नाही. ही पेन्सिल कोरडी लिहिली तर करडी उमटते. कागद किंवा हात ओला असेल, तर तिच्यातला रंग विरघळतो आणि अक्षर जांभळं होतं." त्यांनी एका कोऱ्या कागदावर रेघ ओढली, पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून रेघेच्या अर्ध्या भागावर फिरवले. तो अर्धा भाग जांभळा झाला. "बाटली विभागातली माणसं पिंपात हात धुऊन ओल्या हाताने वही धरतात. ज्योतीरामचे चौदा प्रश्न आहेत. तेरा जांभळे. जानेवारीच्या थंडीतलेही, म्हणजे हा घाम नव्हे. हा एकच करडा. जनरल ड्यूटीच्या लोकांचे सगळे प्रश्न करडे."

हिंदुरावांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे हा प्रश्न कोरड्या हाताच्या माणसाने लिहिला. त्याला पाळीची तारीख कशी धरतात ते ठाऊक नव्हतं. परीक्षेत शब्द ऐकून झाल्यावर लिहिला, म्हणून शब्द फुटण्याचा प्रश्नच नाही. निकाल बाराला लागला, वही दोनला सापडली. मधे एक ते दोन ती एकाच माणसाकडे होती. जो पाट्या रंगवतो, ज्याला कुणाचंही अक्षर काढता येतं, आणि ज्याने मला आपणहून सांगितलं की ज्योतीरामने 'रविवारी पहाटे' लिहिलं असेल. शेवटचं पान मात्र त्याने पाहिलंच नव्हतं म्हणे."

रंगराव उठले. "हा शुद्ध तर्क आहे. उद्धवरावसाहेबही रविवारी पहाटेच म्हणाले!"

"साहेबांना फ्रेंच येत नाही. कुसुमताई स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणार नाहीत. आणि आणखी एक आहे, रंगराव. तुम्ही ज्योतीरामचा 'र' हुबेहूब काढलात. पण त्याच्या नावावर विचारायला तुम्हाला शंका सुचली ती तुमचीच. शेवटचं अक्षर लिहितात तर बोलत का नाहीत. तीनदा विचारून तुम्हाला पटलेलं नाही. ज्योतीरामला ते डिसेंबरातच पटलं होतं. माणसाला दुसऱ्याचं अक्षर काढता येतं, दुसऱ्याचं अडणं काढता येत नाही."

रंगराव पुन्हा खाली बसले. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले.

"तरी सेहेचाळीस मार्कांचं काय?" उद्धवराव चिवटपणे म्हणाले.

"कुसुमताई, आवाज न करता, फक्त ओठांनी एखादा फ्रेंच शब्द बोला. वर्गात न शिकवलेला चालेल."

कुसुमताई ज्योतीरामकडे वळल्या. ओठ हलले. ज्योतीरामने एक क्षण पाहिले आणि तो शब्द अडखळत उच्चारला.

"बरोबर," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी आणखी चार शब्द बोलून पाहिले. चारांपैकी तीन त्याने ओळखले. शेवटच्या शब्दानंतर त्या यशोदाबाईंकडे वळल्या. "तीन महिने मी याला मागच्या बाकावर ठेवून 'नीट ऐक, नीट ऐक' म्हणून ओरडत होते."

"त्या पंख्यांत चार वर्षं काम केलेला माणूस कानांनी ऐकत नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "सोमवारी पहिल्यांदा त्याला ताईंचे ओठ दिसले."

"मंग मला का न्हाई जमलं?" हिंदुराव म्हणाले. "मी बी तितलाच!"

"श्रुतलेखनाच्या वेळी तुम्ही कुठे बघत होता?"

"कागदाकडं. भीती वाटत व्हती वो."

मारुतराव हसले, पण बाकी कुणी हसले नाही. रंगराव बोलू लागले होते, कुणाकडेही न पाहता.

"जानेवारीत मला सांगितलं होतं. तयारीला लागा. फेब्रुवारीत विचारलं तर म्हणाले, बघू. मार्चमध्ये म्हणाले, परीक्षा होऊ दे. परीक्षेत पाच मार्कांनी मागे. मला वाटलं, माझंच होतं ते माझ्याकडून काढून घेतलं." ते थांबले. "कुसुमताई, तुमची नोकरी जाईल असं मला वाटलं नव्हतं."

"वाटायला हवं होतं," कुसुमताई म्हणाल्या.

"तुमास्नी बी जानेवारीतच सांगितलं?" हिंदुराव हळूच म्हणाले. "मला संक्रांतीला. तुमचंच समजा म्हनले."

"मला सव्वीस जानेवारीला," ज्योतीराम म्हणाला. "झेंडावंदन झाल्यावर. खांद्यावर हात ठेवून."

सगळ्यांनी उद्धवरावांकडे पाहिले. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट डावीकडून उजवीकडे ठेवला.

"मी सगळ्यांचं मन राखायला बघत होतो. यात गैर काय आहे? बरं, झालं ते झालं. रंगरावांचं काय करायचं ते नंतर बघू. नावाचंही आता घाईने नको. प्रकरण असं निघालं, तर वर विचारायला हवं. उद्या मुंबईला फोन करतो..."

"पंचवीस मिनिटं आहेत," कुसुमताई म्हणाल्या.

"एक दिवस इकडे तिकडे..."

"एक दिवसाने जागा कलकत्त्याला जाते. तुम्हीच सांगितलंत." त्या खिडकीपासून टेबलाकडे आल्या. तारेचा फॉर्म त्यांच्या पर्समध्ये होता. पत्ता आणि मजकूर फ्रेंचमध्ये लिहून तयार होता. फक्त नावाची जागा रिकामी होती. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पेनाचे टोपण काढले. "साहेब, मी तीन महिने रोज एकच उत्तर पुनःपुन्हा दिलंय आणि कंटाळले तरी दिलंय. तुम्ही एकदाही दिलं नाही. या माणसांनी तुमच्या 'बघू'वर संसार मांडले. मला माफी नको. नाव सांगा. त्यांच्यासमोर."

उद्धवराव यशोदाबाईंकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काम झालं," यशोदाबाई म्हणाल्या. "हे तुमचं."

बाहेर दुसऱ्या पाळीचे पंखे घोंगावत होते. हिंदुरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. ज्योतीराम दारातून पुढे आला नाही. मारुतरावांनी घड्याळ पाहिले आणि पोस्टापर्यंत सायकलला किती मिनिटे लागतील, याचा हिशेब मनात केला. त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

उद्धवरावांनी हिंदुरावांकडे पाहिले, रंगरावांकडे पाहिले, मग खाली फॉर्मकडे.

"ज्योतीराम फडतरे," ते म्हणाले. "लिहा. ज्योतीराम जाईल."